बुडून परत आलेल्या माणसाशी संसार

माझा नवरा एकदा मेला होता, असं आमच्या चिंचवडातली जुनी माणसं अजून सांगतात. मी तिथं दहा हातांवर होते, तरी मला ते इतक्या खात्रीनं सांगता येत नाही. तिथं नसलेल्यांना मात्र सगळं नक्की माहीत असतं.

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. माझं माहेर तळेगावचं, वडील शाळामास्तर, त्यामुळे मी सातवीपर्यंत शिकलेली. सासर चिंचवडचं, जुनं शेतकऱ्याचं घर. हे खडकीला सरकारी कारखान्यात लेथवर काम करत. आठवड्याचे सहा दिवस सकाळच्या गाडीनं जायचे आणि रविवारी शेत आणि घरच्या दोन म्हशी बघायचे. सासरे नव्हते. घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आणि आम्ही दोघं. शेजारच्या घरात चुलत सासूबाई राहायच्या, पण त्या जास्त वेळ आमच्याकडेच असायच्या.

मार्गशीर्षातला रविवार होता. पवना नदीचं पाणी बर्फासारखं गार. मी घाटावर धुणं धूत होते आणि हे म्हशींना घेऊन जरा वरच्या अंगाला डोहाच्या कडेला होते. एका म्हशीचं दावं पाण्यातल्या दगडाखाली अडकलं. हे गावातले पट्टीचे पोहणारे. सरळ बुडी मारून त्यांनी ते सोडवलं. पण दावं सुटल्याबरोबर म्हैस बिथरली आणि खोल पाण्याकडे निघाली. दाव्याचा वेढा यांच्या घोट्याला बसला होता. मला दिसलं ते एवढंच, की म्हैस पोहत चालली आहे आणि तिच्यामागं कुणी नाही. घाटावरच्या दोघांनी उड्या टाकल्या. दावं कापून यांना वर आणेपर्यंत वेळ गेला तो गेलाच.

त्यांना घाटाच्या पायरीवर उताणं ठेवलं, तोवर आरडाओरडा ऐकून आत्याबाई आणि चुलत सासूबाई धावत आल्या होत्या. ओठ जांभळे, डोळे अर्धे उघडे. वैद्यबुवांचं घर घाटालाच लागून, ते लगेच आले. त्यांनी नाडी धरली, नाकापुढं कापूस धरला आणि आत्याबाईंकडे बघून मान हलवली. आत्याबाई होत्या तिथं खाली बसल्या. रडल्यासुद्धा नाहीत. चुलत सासूबाईंनी मात्र वेळ दवडला नाही. मी ज्या दगडावर कपडे आपटत होते तिथलाच एक लहान दगड उचलून त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बांगड्या फोडल्या. पदरानं कपाळ पुसलं. एक जण तिरडीसाठी कळक तोडायला धावला. मला आठवतं, मी मनगटाला लागलेल्या काचेकडे बघत होते आणि मनात येत होतं, अजून अर्धं धुणं राहिलंय.

त्याच वेळी तो कापडवाला आला. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतला सिंधी माणूस. दर रविवारी सायकलवर कापडाचे तागे बांधून आमच्या आळीत यायचा. गर्दी बघून त्यानं सायकल तशीच आडवी टाकली आणि माणसांतून वाट काढत पुढं आला. किती वेळ झाला, असं त्यानं हिंदीत विचारलं. मी म्हटलं, आत्ताच. त्यानं काही न विचारता यांना पालथं घातलं, मान एका बाजूला वळवली, तोंडात बोट घालून चिखल काढला आणि डोक्याशी गुडघे टेकून पाठ दाबायला लागला. पाठ दाबायची, मग दोन्ही कोपरं धरून वर उचलायची, पुन्हा दाबायची.

लोक खवळले. प्रेताची विटंबना करतोस काय, असं म्हणत दोघांनी त्याचे खांदे धरले. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता, तोंडानं त्याच्या भाषेत आकडे मोजत होता. तेव्हा मी बोलले. "करू द्या त्याला. माझा नवरा आहे."

सगळे आत्याबाईंकडे बघायला लागले. त्या खाली बघत म्हणाल्या, "सून म्हंती तर करू द्या."

किती वेळ गेला मला माहीत नाही. पंधरा मिनिटं असतील, फार तर वीस. गावानं पुढं त्याचे तीन तास केले. तोंडातून पाणी आलं, मग आणखी आलं, मग उचकीसारखा एक आवाज झाला. कापडवाल्याचा घाम यांच्या पाठीवर पडत होता. दुसरी उचकी आली तेव्हा वैद्यबुवा दोन पावलं मागं सरकले. कळक घेऊन आलेला माणूस ते कुठं ठेवावेत अशा चेहऱ्यानं उभा राहिला. ते कळक पुढं आमच्याच अंगणात आले आणि त्यांवर दोडक्याचा वेल चढवला, हे खरं आहे.

बैलगाडीनं स्टेशन, तिथून गाडीनं पुणे. तिथल्या डॉक्टरांनी तीन दिवस ठेवून घेतलं. घरी सोडताना मी त्यांना विचारलं, हे मेले होते का? डॉक्टर वयस्कर होते, थकलेले होते. म्हणाले, हृदय अगदी मंद चालू असेल आणि तुमच्या वैद्यांना लागलं नसेल. नाहीतर थांबलंही असेल. मी तिथं नव्हतो, बाई. आता जिवंत आहेत ना? मग न्या घरी आणि थंडीत जपा.

मला वाटलं, संपलं. खरा ताप तिथून पुढं होता.

आमचं गाव नदीकाठच्या समाधीचं. एका सत्पुरुषानं तिथं जिवंतपणी समाधी घेतलेली. त्यामुळे मरण म्हणजे काय, जीव कुठं जातो, या गोष्टी आमच्याकडे लोक पीकपाण्यासारख्या बोलतात. आता तर त्यांना तिकडं जाऊन आलेला माणूसच मिळाला होता. सकाळपासून ओसरीवर माणसं बसायची. चहा करून करून माझे हात दुखले. सगळ्यांचा प्रश्न एकच, काय दिसलं? हे सगळ्यांना एकच सांगत, पाणी दिसलं, मग तुमची तोंडं दिसली, मधी काही नव्हतं. लोकांना ते पटत नव्हतं. काहीतरी असणारच, उजेड असेल, घंटा वाजल्या असतील, नीट आठव. एकानं तर सुचवलं, की ह्याला सांगायची मनाई केलेली असावी.

मग चार घरं सोडून राहणारी एक म्हातारी आली. तिचा मुलगा लढाईच्या वेळी पलटणीतून परदेशी गेला तो परत आलाच नाही. ती यांच्यासमोर बसली आणि यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "माझा दिसला का रं?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली. मग हे म्हणाले, "दिसला, मावशी. बरा हाय."

तिनं यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि काठी टेकत गेली. मला भरून आलं होतं, हे कबूल करते. पण दुसऱ्या दिवसापासून आकुर्डी, वाकड, पिंपळे गुरव, कुठून कुठून माणसं यायला लागली. कुणाला आई भेटली का विचारायचं होतं, कुणाला बायको. एक जण पेरू घेऊन आला. मेलेल्या बापाचा राग थोरल्यावर होता का धाकट्यावर, एवढंच त्याला हवं होतं. खरं सांगितलं तर म्हातारीला सांगितलेलं उघडं पडतं, आणि खोटं तरी किती जणांना सांगायचं? हे गप्प बसून राहायचे, आणि लोकांना ते गप्प बसणंही मोठं अर्थाचं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी मी दारात उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, यांना काही दिसलेलं नाही, कुणी भेटलेलं नाही, आपापल्या घरी जा. लोक गेले. म्हातारी पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही. यांच्याशी मात्र बोलायची. खोटं यांनी सांगितलं आणि वाईट मी झाले.

या सगळ्यात यांचं स्वतःचं काय चाललंय याकडे माझं लक्षच नव्हतं. महिन्यानं ते कामावर जायला लागले. जेवायचे, झोपायचे, पण आतून कुठंतरी थबकल्यासारखे. हाक मारली की क्षणभर थांबून मग ओ द्यायचे, आपल्यालाच हाक मारली का, याची खात्री करत असल्यासारखे.

आत्याबाईंच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. यांना लहानपणापासून शेपूची भाजी चालायची नाही. एका रविवारी दुसरं काही नव्हतं म्हणून शेपू केला. मी यांच्यासाठी वेगळी चटणी वाटत होते, तोवर यांनी शेपू वाढून घेतला आणि दोनदा खाल्ला. आत्याबाईंचा घास हातातच राहिला. जेवणं झाल्यावर त्या चुलीपाशी येऊन मला हळूच म्हणाल्या, "ह्यो माझा न्हाई."

मी म्हटलं, दवाखान्यात तीन दिवस पेज पिऊन काढल्यावर माणूस काहीही खाईल. त्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी पाणी घालायच्या निमित्तानं त्या न्हाणीशी गेल्या आणि यांच्या पाठीवरचा जन्मापासूनचा डाग बघून आल्या. डाग होता. त्या निवांत झाल्या. मीच न्हाऊमाखू घातलंय, डाग त्योच हाय, म्हणाल्या. तेवढ्यावर हा विषय मिटायला हवा होता. पण न्हाणीतून बाहेर येता येता यांनी ते ऐकलं आणि टॉवेलनं डोकं पुसत म्हणाले, "डाग अंगाचा हाय, आई. अंग तेच हाय, त्याला कुठं कोण न्हाई म्हणतंय?"

आणि मग मला कळलं, की माझ्या नवऱ्याच्या डोक्यात काय शिरलं आहे.

ते त्यांनी मला शेतात सांगितलं, ज्वारीला पाणी देताना. एकदा बोलायला लागल्यावर थांबेचनात. त्यांचं म्हणणं असं, की पाण्यात बुडाला तो माणूस तिथंच संपला असेल. विस्तव विझावा तसा. मग वीस मिनिटांनी त्याच अंगात पुन्हा विस्तव लागला. चूल तीच, लाकडं तीच, राखही तीच. पण विस्तव तोच का? ह्या नव्या माणसाला जुन्याचं सगळं आठवतं, कारण ते सगळं डोक्यात होतं आणि डोकं तेच आहे. त्यामुळे त्याला वाटणारच, की मी तोच. पण जो गेला त्याला हे कधीच कळलं नाही, की कुणीतरी उठलं. त्याच्यासाठी पाणी दिसलं आणि संपलं.

"मग तुम्ही कोण?" मी विचारलं.

"तेच तर मला कळंना."

मी पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला फावडं उचललं. खरं सांगायचं तर मला हसू आलं असतं, पण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, तुम्ही रोज झोपता, तेव्हा कुठं असता? सकाळी उठून असं कधी म्हणालात का, की कालचा मेला आणि मी नवा आहे? ते म्हणाले, झोपेत माणूस कूस बदलतो, हाक मारली की उठतो, कुणीतरी आत असतंच. तिथं हाक ऐकायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, कशावरून? तुम्हीच म्हणता तुम्हाला काही आठवत नाही. मग कुणी होतं का नव्हतं, हे तुम्ही कसं सांगता? यावर ते विचारात पडले आणि मी खूश झाले. पण दोन वाफे भरल्यावर म्हणाले, हे मात्र खरं, मला सांगता येणार नाही, आणि कुणालाच सांगता येणार नाही, हेच तर वाईट आहे.

पुढचे दोन महिने असेच गेले. त्यांचा सदरा फाटला म्हणून शिवायला घेतला तर म्हणायचे, त्याचा होता. कारखान्यात कुणीतरी जुनी गंमत सांगितली तर घरी येऊन म्हणायचे, मी हसलो, पण ती गंमत माझी नव्हती. मी एकदा चिडून म्हटलं, मग त्याच्या ताटात जेवू नका, त्याच्या नोकरीवर जाऊ नका, आणि त्याच्या बायकोला पाणी गरम झालं का म्हणून विचारू नका. ते खरोखरच दोन दिवस पाणी स्वतः तापवून घेत होते. अशा माणसाशी भांडायचं कसं?

कापडवाला त्या रविवारनंतर आमच्या आळीत फिरकला नव्हता. त्याच्याकडे जाऊन त्याचे आभार मानून या, असं मी घरी आल्यापासून म्हणत होते. तेही होईना. आभार कुणी मानायचे, असं त्यांचं म्हणणं. ज्याला वाचवायचं होतं तो वाचला असेल तर त्यानं मानावेत. आणि तो गेला असेल तर माझ्यावर उपकार कसला, मी तर आधी नव्हतोच.

यात भर चुलत सासूबाईंनी घातली. त्या गावच्या भटजींना विचारून आल्या. भटजींनी सांगितलं म्हणे, मेला असं ठरवून ज्याच्या बायकोचं कुंकू पुसलं, तो परत आला तर त्याचा नवा जन्म धरतात. त्याला तुपानं न्हाऊ घालायचं, बारशासारखं नाव ठेवायचं, आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तोवर तिनं बांगड्या भरू नयेत. मी आत्तापर्यंत उघड्या हातांनी वावरत होते ते कासार आला नव्हता म्हणून आणि घाईगर्दीत विसरले म्हणून. आता त्याला शास्त्र झालं. तुम्हीच फोडल्या ना, असं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं.

मला वाटलं, हे तरी ते उडवून लावतील. हे तर खूश झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर तेज दिसलं. कुणीतरी त्यांचं म्हणणं खरं धरलं होतं ना. संध्याकाळी कामावरून आले ते मी वाळवण काढत होते तिथंच आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "तू लग्न केलंस ते त्याच्याशी. माझ्याशी न्हाई. मी तुला विचारतो. करशील का?"

पहिल्या खेपेला मला कुणी विचारलं नव्हतं. वडिलांनी ठरवलं आणि मी अंतरपाटापलीकडे उभी राहिले. चार वर्षांत या माणसानं मला एकदाही असं बघून काही विचारलं नव्हतं. आता विचारत होता तेही आपण तो नव्हेच असं सांगून. मला रडायला येत होतं की त्या पाटीतल्या कुरडया त्यांच्या डोक्यावर घालाव्या वाटत होत्या, ते माझं मलाच समजलं नाही. मी म्हटलं, उद्या रविवार आहे. आधी पिंपरीला चला. त्या माणसाला भेटा. मग बघू.

आम्ही दुपारी चालत गेलो. छावणीत लष्कराच्या जुन्या बराकी होत्या, पोत्याचे पडदे लावून एकेका बराकीत चार-चार बिऱ्हाडं केलेली. कापडवाला बाहेर खाटेवर बसून सायकलची साखळी साफ करत होता. त्यानं यांना ओळखलं, हात पुसले, बसायला सांगितलं. त्याच्या बायकोनं सरबत आणलं. मी पिशवीतून नारळ आणि टॉवेल काढून पुढं ठेवला. हे आभाराचं एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, हे शिकलात कुठं?

तो कराचीच्या बंदरात कामाला होता. तिथं जहाजावर माल चढवताना माणसं पाण्यात पडायची, तेव्हा एका साहेबानं सगळ्यांना शिकवलं होतं. त्यानं बऱ्याच जणांच्या पाठी दाबल्या होत्या. परत आले ते थोडे. त्यातला एक, त्यानं सांगितलं, परत आला पण त्याला काहीच आठवेना. नाव आठवेना, बायको समोर उभी राहिली तर ओळखेना.

हे खाटेवरून पुढं सरकले. मला पुढचं कळलंच. "मग तो कोण होता?" त्यांनी विचारलं.

कापडवाल्याला प्रश्न समजला नाही. यांनी पुन्हा समजावून सांगितलं, मोडक्या हिंदीत, विस्तव आणि चूल सगळं. तो लक्ष देऊन ऐकत होता, मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कौन मतलब?" तो म्हणाला. "उस की घरवाली उस को घर ले गयी. और कौन?"

त्यानं साखळी पुन्हा हातात घेतली. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

परतताना रस्त्याच्या कडेला नव्या कारखान्याचं काम चालू होतं, खडीचे ढीग, लोखंडी सळया. आता तरी पुरे, असं मी म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "त्या बाईनं घरी नेलं, पण कुणाला नेलं हे तिला तरी कुठं माहीत होतं."

तेव्हा माझा संयम संपला. मी रस्त्यातच थांबले. आणि जी गोष्ट आम्ही दोघांनी दीड वर्ष तोंडातून काढली नव्हती ती मी काढली.

दीड वर्षापूर्वी माझं पहिलं बाळंतपण झालं होतं. अडलं म्हणून पुण्याला नेलं होतं. नाकावर जाळी ठेवून डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म दिला. गोडसर वास आला आणि मी गेले. झोप नव्हती ती. त्यात स्वप्न नव्हतं, कूस नव्हती, कुणी हाक मारली असती तरी ऐकलं नसतं, कारण माझ्या पोटाला त्यांनी काय केलं ते मला कळलं नाही. जागी झाले तेव्हा नर्स म्हणाली, मुलगी होती, राहिली नाही. मला तिचं तोंडही दाखवलं नव्हतं.

हे मी यांना सांगितलं. म्हणजे त्यांना माहीत होतंच, पण मी त्या जाळीच्या आत कुठं होते हे कधी सांगितलं नव्हतं. "मी पण विझले होते," मी म्हटलं. "मी उठले तेव्हा मीच होते. दुसरी कुणी असते तर बरं झालं असतं. तिला काही वाटलं नसतं. मी किती दिवस वाट बघितली, की कुणी दुसरी होऊन उठावं. नाही उठले."

ते खाली बघत होते.

"तुम्हाला ती मुलगी आठवते?"

"आठवते."

"नुसती आठवते, का दुखतं?"

आम्ही तिथं उभे होतो. खडी घेऊन जाणारी एक बैलगाडी आली, तिला वाट देण्यासाठी आम्ही कडेला झालो. गाडीवानानं ओळखून हात केला. यांनीही केला. गाडी पुढं गेल्यावर ते म्हणाले, "दुखतं."

त्यांचा आवाज चिरकला होता. ती गेली त्या दिवशीही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी म्हटलं, ज्याची मुलगी गेली त्यालाच दुखतं, मला तेवढं पुरतं. तुम्हाला पुरत नसेल तर बघा. ते म्हणाले, दुखणं पण डोक्यातच असेल. पण घर येईपर्यंत पिशवी त्यांनीच धरली. एरवी मी धरायची.

दुसऱ्या आठवड्यात कासार आळीत आला. मी त्याला घरी बोलावलं आणि ओसरीवर सगळ्यांसमोर बसून दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरल्या. चुलत सासूबाई शास्त्राचं बोलायला लागल्या, तेव्हा आत्याबाई आतून म्हणाल्या, "माझा ल्योक हाय का न्हाई ते माझं मी बघीन. तिला भरू दे." लग्न पुन्हा लागलं नाही. तुपाची अंघोळही झाली नाही. हे कामावरून आले, बांगड्यांकडे बघितलं आणि जेवायला बसले. मला वाटतं त्यांना थोडं वाईट वाटलं. त्यांनी विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं नव्हतं. नाही तरी कुठं म्हटलं होतं?

त्यानंतर त्यांचं ते वेड हळूहळू उतरलं. एका दिवसात नाही. मधूनच शेतात फावड्यावर हनुवटी ठेवून उभे दिसायचे. पण सदरा त्यांचा झाला, गमती त्यांच्या झाल्या. हाक मारली की सरळ ओ द्यायला लागले. शेपू मात्र ते पुढं आयुष्यभर खात राहिले. पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली, ती राहिली. तिला मांडीवर घेऊन ते तासन्‌तास बसायचे. नव्यानं गावात आलेल्या कुणी त्या बुडण्याबद्दल विचारलं, तर म्हणायचे, पोहता येत होतं तरी बुडलो, आणि दुसरं काही बोलायला लागायचे.

चीड याची येते, की तो प्रश्न गेला नाही. तो माझ्याकडे आला. भाकरी थापताना, पाण्याला जाताना, अचानक मनात यायचं, जाळीच्या आत मी गेले ती आणि बाहेर आले ती, खरंच एकच का? दुखतं म्हणून मी ठासून सांगितलं होतं, पण डोकं तेच, तर दुखणंही तिथं आयतंच सापडलं असेल. हे म्हणाले होते ते खोडून काढता येत नव्हतं. रस्त्यात मी जिंकले होते ते आवाज चढवून.

दोन-तीन वर्षांनी एकदा दुपारी मी न राहवून त्यांना विचारलं. ते अंगणात मुलीच्या पाळण्याची दोरी बदलत होते. मी म्हटलं, अहो, मग शेवटी ठरलं का तुमचं?

"काय?"

"तुम्ही कोण ते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी विचित्र बोलले. "तुला अजून ते आठवतं?" म्हणाले. मग दोरीला गाठ मारली, ओढून बघितली, आणि म्हशींना पाणी दाखवायला निघून गेले.